मुलांच्या डोसची ब्रँच

३ मार्च, सोमवार
झालं! साहेबांनी मलाच पकडलं. गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी केलेल्या कामाच्या ब्रँच, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या बदल केलेल्या प्रती, नीट लावायच्या. चालू असतील त्या 'चालू'मध्ये, मेलेल्या 'अडगळी'त. 'अडगळ' हे नाव त्यांचंच. वर हसले!
घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ब्रँच हलवायच्या म्हणजे तुझी बदली का गं?" खरंच, बँकेतच नोकरी धरायला हवी होती.

५ मार्च, बुधवार
आज आमची ब्रँच समोर आली. माझी आणि तात्याची. लहान मुलाला औषधाचा डोस जास्त लिहिला गेला की हॉस्पिटलच्या स्क्रीनवर लाल इशारा – एवढंच काम तिचं. पण दोन वर्षं जीव ओतला होता आम्ही. मेनमध्ये, म्हणजे सगळ्या हॉस्पिटलांत जाणाऱ्या मुख्य प्रतीत, कुणी घेतलीच नाही. आज बघू, उद्या बघू! शेवटी तात्या वैतागून नोकरी सोडून गेला. मी राहिले चिकटून, मूर्खासारखी.
साहेबांना म्हटलं, ही तरी राहू द्या. "कोण वापरतंय ती?" खरं तेच सांगितलं: कुणीच नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

६ मार्च
हलवली. 'अडगळी'त नवं नाव दिलं, जुनं पुसलं. समोरचा चहासुद्धा निवला नव्हता.

७ मार्च
घास उतरत नाही. आई विचारते, "कुणी गेलं का गं ऑफिसातलं?"

१० मार्च, सोमवार
मीटिंगमध्ये शाबासकी मिळाली. "काय लख्ख केलंय हिनं!" टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. आग लागो त्या टाळ्यांना! राजीनामा द्यावासा वाटतो. पण का देतेस, असं विचारणारंही इथे कुणी उरलेलं नाही. आपण काही केलं काय नि न केलं काय, सारखंच.

११ मार्च
मुलांच्या हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन. "अहो, तो लाल इशारा गुरुवारपासून येतच नाही. आज एका बाळाला दहापट डोस जात होता. माझी नजर गेली म्हणून बरं!"
तात्याला फोन लावला. "अगं, चाचणीसाठी तिथे आपली ब्रँच लावली होती ना मी? काढायची राहूनच गेली. ती सापडली नाही तर तिथलं मशीन गपचूप मेन उचलतं."
म्हणजे इतके दिवस तिथे रोज चालत होती ती!
ब्रँच जुन्याच नावानं होती तिथे परत ठेवली. साहेबांना विचारलं नाही.