यंत्रासाठी पूल

६ सप्टेंबर

खासदाराने राजीनामा दिला! अंतरात्म्याने हाक मारली म्हणे. चार वर्षं आत्मा काय झोपला होता? शेजारचा गाडीवाला म्हणाला, "आजी, वरची खुर्ची मिळतेय त्याला. आत्मा-बित्मा काही नाही." आता पोटनिवडणूक. होऊ दे. सुनेला आठवा लागलाय. माझं लक्ष नाल्याकडे.

७ सप्टेंबर

झोप नाही. आमच्या गल्लीला तीन बाजूंनी कारखान्याची भिंत, चौथीकडे नाला. नाल्यावर एक फळी. माणूस जातं, गाडी नाही. मागच्या खेपेला सुनेला खुर्चीत बसवून चौघांनी नाल्यातून नेली. उशीर झाला. मूल हाती लागलं नाही. पुढे लिहीत नाही.

पुलाच्या कोनशिला मात्र दोन आहेत. एकीवर मी चादरी आपटते. दगड चांगला आहे, खोटं कशाला बोलू.

४ ऑक्टोबर

उमेदवार ठरला. खासदाराचा मेहुणा! घरची खुर्ची घरातच.

मुलाला घेऊन पालिकेच्या इंजिनीयरकडे गेले. म्हटलं, पूल राहू दे, गाडी जाईल एवढं काहीतरी टाका. तो म्हणतो, "मावशी, आचारसंहिता लागलीय. निकालापर्यंत वीट हलवता येत नाही." आधी गेले तेव्हा म्हणायचा, निवडणूक आली की बघू. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

१९ ऑक्टोबर

मेहुणा मतं मागायला आला. पांढरे बूट. फळीवर दोघांनी दोन बाजूंनी धरलेला, नवरीसारखा. आला तो माझ्या पायाशी वाकला. म्हटलं, "माझे पाय कशाला धरतोस? जाताना फळी धर."

"आजी, निवडून आलो की पहिली सही पुलावर!"

"तुझ्या भाऊजींचीही पहिलीच होती."

सून हसली. नेमकी तेव्हाच हसते.

२ नोव्हेंबर

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा तारखेच्या आगेमागे. म्हटलं, आताच ठेवून घ्या. तर म्हणे कळा नसताना खाट अडवता येत नाही. "मग कळा आल्यावर उडत येऊ का?" मुलाने माझा हात दाबला. मोठा आला गप्प करणारा.

७ नोव्हेंबर

नवलच! सकाळी ट्रक आला आणि नाल्यावर जाड लोखंडी प्लेटा टाकून गेला. तासाभरात! मतदान केंद्र आमच्या गल्लीतल्या बालवाडीत. मतयंत्राची गाडी आत यायला हवी ना. यंत्राला फळीवरून कसं चालवणार, नाजूक जीव!

मुकादमाला विचारलं, कधी काढणार? "नऊला संध्याकाळी. मतदान संपलं की."

सुनेला म्हटलं, नऊच्या आत उरक. "अहो आई, ते काय माझ्या हातात आहे?"

८ नोव्हेंबर

काही नाही. सुनेला जिने चढायला लावले. तरी काही नाही.

९ नोव्हेंबर

रांगेत पहिली. दरवेळी असते. म्हातारी म्हणून दारातच खुर्ची दिली. मतदानाआधी पक्षांची माणसं पन्नास खोटी मतं टाकून यंत्र तपासतात. मग अधिकारी ती पुसतो आणि सगळ्यांना शून्य दाखवतो. आज मध्येच चहा आला. सगळे चहावर तुटून पडले. शून्य कुणी दाखवलंच नाही! मी दुसरीपर्यंतच शिकले, पण शून्य ओळखते. सांगायला तोंड उघडलं — आणि मिटलं. मत टाकून घरी आले.

संध्याकाळ. सुनेचं पोट होतं तिथंच. प्लेटा न्यायला ट्रक दारात. मग उठले. विरोधी उमेदवाराच्या माणसाला बाजूला घेतलं. "बाबा, सकाळची खोटी मतं पुसली का रे?" त्याचा चेहरा बघायचा होता! मोजलं. वहीत सह्या चारशे बारा, यंत्रात मतं चारशे बासष्ट. जो तो दुसऱ्याच्या अंगावर. अधिकारी माझ्यावर खेकसला, "आजी, सकाळीच का नाही बोललात?"

"तुम्ही मला चहा तरी विचारलात का?"

१० नोव्हेंबर

बाराला फेरमतदान. ट्रक रिकामा परत!

१२ नोव्हेंबर

दहा वाजता कळा. मी रांगेत होते. रांग टाकून पळाले. गाडीवाल्याने गाडी थेट उंबऱ्याला लावली. प्लेटांवरून जाताना असा खडखडाट झाला, पण असलं संगीत मी जन्मात ऐकलं नाही.

मुलगी. दोघी धडधाकट. प्रचाराला उभी असल्यासारखी ओरडते.

मुलगा बाहेरच्या बाकावर रडत बसला होता. म्हटलं, आधी तोंड धू. मग मीही धुतलं.

मत राहिलं ते राहिलंच.

१३ नोव्हेंबर

प्लेटा गेल्या. फळी परत.

१६ नोव्हेंबर

मेहुणा निवडून आला. इंजिनीयर म्हणतो, आचारसंहिता उठली, आता प्रस्ताव नव्याने करावा लागेल.

३० नोव्हेंबर

तिसरी कोनशिला बसवली. गुळगुळीत आहे. नातीची दुपटी हिच्यावर धुवेन.

२ सप्टेंबर — नवी वही

सुनेला पुन्हा दिवस गेलेत. दुपारीच खासदार झालेल्या मेहुण्याला कार्ड टाकलं. एवढंच लिहिलं — बाबा, तुझा अंतरात्मा कधी हाक मारतोय? आम्हाला मार्चपर्यंत हवाय.