टँकरवाल्याचा पाहुणचार

११ मार्च १९८६, अहमदपूर

नळाला आज पण पाणी नाही. घरात दोन घागरी होतं, त्यातली एक ह्यांची ओकारी धुवायला गेली. दिवसभर गावोगाव टँकर रिकामा करणारा माणूस, आणि त्याच्याच घरात ओकारीवर ओतायला पाणी नाही. शेवटी चुलीतली राख टाकून झाडून काढलं. वास काही जात नाही. शाळेत हजेरी घेताना सारखं वाटत होतं, माझ्या पदरालाच येतोय. पोरं नाकाला हात लावतात का, तेच बघत होते.

१६ मार्च, रवि.

आज शुद्धीत होते. दाढी केली, मुक्ताला शेजारी बसवून पाढे म्हणून घेतले. मग माझ्याशी पण बोलले.

पंचायत समितीच्या जीपवर होते तेव्हा थेंबाला शिवत नव्हते. मी ते कुणालाही छातीठोक सांगायची. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. लातूर जिल्हा झाला, साहेब लोक तिकडं गेले, जीप त्यांच्या मागं गेली. दुष्काळ पडला तसं ह्यांना टँकरवर टाकलं. मला तर बरंच वाटलं होतं. तहानलेल्याला पाणी द्यायचं, याच्यापेक्षा चांगलं काम कोणतं?

म्हणाले, पहिल्यांदा गावात टँकर शिरला की बायका बॉनेटला हळदकुंकू लावायच्या. नारळ फोडायच्या. मग कुठं कुठं शेला-टोपी झाली. मग एका गावच्या पाटलानं ओसरीवर बोलावलं. टँकर आधी त्याच्या विहिरीकडं वळावा म्हणून.

"माझ्या बापाला त्या घरात कान तुटलेली कपबशी असायची, वळचणीला खोचलेली. धुऊन परत खोचायची त्यानंच. त्या पाटलानं मला बाजेवर बसवलं, सोताच्या हातानं गिलासात ओतली. न्हाई कसं म्हणू, सांग?"

मी विचारलं, मग बाजेवर बसवून चहा का नाही दिला?

उठून बाहेर गेले. मला त्या पाटलाची किळस आली आणि ह्यांची दया. दया येते म्हणूनच मी फसते दर वेळी.

२९ मार्च

आता एकच पाटील राहिला नाही. बातमी पसरते. अमुक गावानं पाजली तर तमुक गावाला खेप नाही, म्हणून तमुक गाव पण पाजतं. चार गावं केली की चार ठिकाणी घेतलेली असते. आज टँकर दारात लावला आणि खाली उतरता उतरता विजारीतच झालं. गल्ली बघत होती. समोरच्या काकू तर भांडी घासायची थांबून.

मुक्तानं ती विजार काठीनं उचलली आणि मोरीत टाकली. चौथीतली पोर. तोंडाला ओढणी गुंडाळून घेतली होती तिनं, मी सांगितलं नव्हतं.

आजपासून 'हे' आणि 'ह्यांना' बास झालं. तो.

१४ एप्रिल

जयंती. पांढरे कपडे मागितले. दिले. मिरवणुकीत झेंडा धरायला पुढं. मी बायकांच्या रांगेतून बघत होते, पाय कसे पडतात. सरळ पडत होते. तेवढ्यावर खूश झाले मी. बाईमाणसाचं सुख कुठपर्यंत येऊन ठेपलं बघा.

संध्याकाळी झेंडा दुसऱ्याच्या हातात. हा गायब.

३ मे

शाळेला सुट्टी लागली. मुक्ताला घेऊन माहेरी आले. निदान महिनाभर तो वास नको.

माय थकलीय, पण तोऱ्यात आहे. इथं पूर्वी टँकर गावच्या विहिरीत ओतायचा. आमच्या वस्तीच्या बायकांनी खाली बसून राहायचं. गावाचं भरून झालं की वरून कुणीतरी आमच्या घागरीत ओतणार, तेही गाळ. आता जावई टँकरवर. तो आधी अर्धा टँकर वस्तीच्या आडात सोडतो, मग गावात जातो. कागदावर तसा हुकूम नाही. पण करतो. वस्ती त्याला 'जावयाचा टँकर' म्हणते. मायला वाट देतात बायका, घागरींच्या रांगेत तिची घागर पहिली.

मला पण बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? वाटलं, एवढं तरी नीट करतो.

९ मे

डाळ काढायला उतरंड उतरवली. खालच्या मडक्यात हात घातला, तर बाटली. बुचाला चिंधी गुंडाळलेली. हुंगायची गरजच नव्हती. तो वास मी झोपेत पण ओळखते.

"हे काय गं माय?"

"ठिव तिथं."

"कुणासाठी आहे?"

"जावयासाठी हाय. दुसऱ्या कुणासाठी ठिवू?"

ओढ्याकाठच्या भट्टीवरून आणते. ही माय! आमच्या आबांनी पिऊन पिऊन लिव्हर घालवलं, तेव्हा हिनंच त्यांची बाटली विहाराच्या पायरीवर फोडली होती, सगळ्या वस्तीसमोर. काच तिच्या पायात घुसली होती. तो वण अजून आहे. मी त्या वणाची गोष्ट सांगून वर्गात पोरांना दारूबंदीचं शिकवलंय, माझी माय म्हणून.

मी म्हणाले, तुझ्या लेकीचा संसार आहे हा.

"पाटील पाजतंय तर पाणी पाटलाच्या हिरीत जातंय. आमी न्हाई पाजली तर आमच्याकडं कशाला वळंल?"

"तो तुझा जावई आहे माय."

"पयले दोन हप्ते जावई म्हणून आला. मंग इसरला. तवा आणली म्या." उतरंड परत रचत म्हणाली, "तुला नळ हाय बाई अहमदपूरला."

डाळ शिजवली. जेवले नाही.

१० मे

टँकर आला. मी दाराआड उभी राहून बघितलं. मायनं तांब्या नेला, वर ताटली, ताटलीवर भाकरी आणि ठेचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं जावयाची न्याहारी चाललीय. त्यानं केबिनमध्येच तांब्या तोंडाला लावला. मायनं तोंड दुसरीकडं फिरवून धरलं, आबांच्या वेळी धरायची तसंच. तांब्या रिकामा झाल्यावर परत घेतला. मग त्यानं आडात पाइप सोडला.

शी. कुणाची शी म्हणू? तिची, त्याची, त्या आडाभोवती हसत उभ्या असलेल्या बायांची? त्यांतल्या निम्म्या माझ्या मैत्रिणी.

मला बघून म्हणाला, "कवा आलीस गं?" जसं काही मीच परगावचं पाहुणं.

२३ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात सगळे पांढऱ्यात. पंचशील झालं. पाचव्या शीलाला, दारूच्या, मी मान वर करून मायकडं बघितलं. डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांच्या वर आवाज तिचा. तो तिच्या मागं दोन माणसं सोडून बसलेला. त्याचा पण आवाज खणखणीत.

घरी येऊन तिला म्हणाले, कसं गं म्हणवलं तुला?

"म्या कुठं पितीय?"

२६ मे

टँकर मागं घेताना त्याला रांग दिसली नाही. बायका लिंबाखाली बसलेल्या, रांगेत घागरी. मुक्ता तेवढी आमच्या घागरीजवळ उभी. नंबर सांभाळायला मीच उभी केली होती. मागचं चाक घागरींवरून गेलं. पितळी, स्टील, जर्मनच्या, सगळ्या चेपत आल्या. काय आवाज होता तो. मुक्ता बाजूला पडली. गुडघा फुटला, कोपर सोललं. एवढंच. चाक तिच्या परकरावरून गेलंय, चिखलाचा पट्टा आहे त्यावर. परकर मी धुतलेला नाही.

तो खाली उतरला, पोरीकडं बघितलं आणि हसला. घाबरून हसला असेल. मला काही घेणं नाही. तोंडातून लाळ गळत होती आणि हसत होता.

२७ मे

वस्तीत कुणी ब्र काढला नाही. चेपल्या घागरी घेऊन सगळ्या बसल्या, दगडानं ठोकून पोचे काढतात. एकीनं तर त्याला विचारलं, "दाजी, उद्या येणार न्हवं?"

माय म्हणाली, "पोरगी वाचली न्हवं. गप ऱ्हा आता."

मी गप राहिले नाही. फार वाईट बोलले. आबांना तूच पाजत असशील, असं पण बोलले. ते बोलायला नको होतं. मुक्ताला घेऊन दुपारच्या गाडीनं अहमदपूरला परत.

३० मे

पं.स.त गेले. साहेब नवे आहेत, लातूरहून येऊन-जाऊन करतात. सगळं सांगितलं. लाज सोडून, विजारीसकट.

"बाई, तक्रार कुणाची आहे? एका गावाची तक्रार नाही. उलट लोक येऊन सांगतात, हाच ड्रायव्हर ठेवा."

म्हणाले, माझी आहे. मी बायको आहे.

"नोकरीवर गदा येईल. चालेल?"

माझा पगार आहे साहेब, म्हणाले. पोर एकच आहे.

बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. मग, बघतो.

४ जून

काढलं. टँकरवरून उतरवून कचेरीच्या आवारात बसवलंय, गाड्या पुसायला. घरी येऊन भिंतीला भांडं फेकून मारलं. "माझा मान घालवला रांडेनं." मान! मी भांडं उचललं, जागेवर ठेवलं. मला हसू येत होतं, का रडू, कळलं नाही.

नवा ड्रायव्हर लोहा गावचा आहे म्हणे. पोरसवदा, औंदाच लग्न झालंय. सुपारीसुद्धा खात नाही.

९ जून

पिणं बंद आहे, कारण कुणी पाजत नाही. विकत घ्यायला पगार माझ्या हातात. अंग कापतं. कप धरता येत नाही, बशीनं पाजते. काल भिंतीवर मुंग्या दिसत होत्या त्याला, नसलेल्या. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात ठेवा. ठेवलं. मुक्ता डबा घेऊन जाते, खाटेपासून लांब ठेवते आणि परत येते. त्यावरून तिला रागवत नाही मी.

तो मात्र विचारतो, मुक्ता जवळ का येत नाही. आठवतच नाही त्याला चाकाचं.

१५ जून

माय आली. एसटीनं, रिकामी घागर घेऊन. घागरीला पोचे. दारात 'जयभीम' नाही, काही नाही. सरळ नळाखाली घागर लावली. नळाला आज पाणी होतं, नशीब. भरली, तोंडाला फडकं बांधलं.

नवा ड्रायव्हर हुकमाप्रमाणं गावच्या विहिरीतच सोडतो. वस्तीला परत गाळ. मायनं हे सांगितलं ते माझ्याकडं न बघता, मुक्ताला सांगितल्यासारखं.

जेव म्हणाले, नाही. जावयाला बघून ये म्हणाले, दवाखान्यात आहे. "कोन्त्या तोंडानं जाऊ?" एवढंच बोलली. घागर डोक्यावर घेऊन स्टँडवर गेली. मी मागं मागं. कंडक्टर म्हणत होता, आजी, पाणी सांडलं तर उतरवीन. घागर मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हातांनी आवळून. म्हातारीच्या मांडीला किती ओझं झालं असेल ते.

तिची चीड येते. आणि गाडी गेल्यावर मी स्टँडवरच रडत बसले.

२२ जून, रवि.

पावसाचा पत्ता नाही. मुक्ता 'आजीकडं जाऊ' म्हणून मागं लागली. दवाखान्यातून घरी आणलेला तो पडून होता, त्याला सांगून गेलो. "पाणी आलंय का बघ वस्तीला," म्हणाला. चांगल्या आवाजात म्हणाला. फार दिवसांनी त्याचा तो जुना आवाज.

आम्ही पोचलो तेव्हाच टँकर आला. गावाकडं वळायच्या आधी थांबला, लिंबापाशी. आणि माय पुढं. तोच तांब्या, वर ताटली, भाकरी, ठेचा. पोरगा खरंच पोरगा आहे. मिसरूड पण धड नाही. त्यानं मान हलवली. माय काहीतरी बोलली. परत मान हलवली. मग वस्तीतल्या बाया पण जवळ गेल्या. हसून, लेकरासारखं समजावून. "घ्या की दादा, उन्हाचं आलात."

मी रांगेत उभी होते. दहा पावलं पण नसतील. ओरडायचं होतं. काय ओरडणार होते तेही मनात तयार होतं. माझ्या हातात मायची पोचे पडलेली घागर होती, मुक्तानं आणून दिलेली.

त्यानं घेतला तांब्या. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. बाया हसल्या. परत घेतला.

टँकर आडाकडं वळला. पाइप सुटला. रांग पुढं सरकली आणि माझा नंबर आला, आणि मी भरली घागर. काठोकाठ भरली. स्वच्छ पाणी होतं. मुक्ता ओंजळीनं प्याली, मी पण प्याले.

माय म्हणाली, "जेवून जा." जेवलो.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, आलं का पाणी? आलं म्हणाले. नवा कुठं सोडतो? आधी आडात, म्हणाले. तो माझ्याकडं बघत राहिला. कसं काय, हे विचारलं नाही त्यानं. भिंतीकडं तोंड करून पडला. खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही.

लोह्याची गाडी सकाळी असते. त्या पोराची बायको तिथं असेल, अजून त्याच्या शर्टाला इस्त्री करत असेल. तिला जाऊन सांगावं. वेळ आहे अजून, एकच तर तांब्या झालाय. सांगावं की बाई, नवऱ्याला टँकरवरून उतरव. आणि कोण पाजतंय विचारलं तिनं, तर? आणि उतरवलंच तिनं, तर मायच्या आडात पाणी कोण सोडणार?