गाद्यांच्या कपाटातलं ऑफिस

६ नोव्हेंबर

आजपासून मी कसबा पेठेची! स्वारगेटला उतरल्यावर तेजस दोन्ही बॅगा घेऊन पुढे आणि मी लॅपटॉप छातीशी धरून मागे, अशी आमची वरात घरी पोचली. लग्न सोलापुरात झालं, पूजा झाली, सुट्टी संपली. सासर म्हणजे हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर आणि माणसं पाच: आई, बाबा, तेजस, धाकटा दीर आमोद आणि आता मी. माझं काम घरून, दिवसभर फोनवर बोलायचं. हॉलमध्ये बाबांच्या बातम्या, बेडरूममध्ये आईंची दुपारची झोप. मग मी बसायचं कुठे? तोडगा आईंनीच काढला. हॉलच्या भिंतीत गाद्या ठेवायचं खोल कपाट आहे. गाद्या दिवाणात जातील, कपाट अस्मिताचं, म्हणाल्या. माहेरी आम्ही तीन बहिणी एका खोलीत वाढलो. स्वतःचं दार मला आयुष्यात पहिल्यांदा मिळतंय. मी हरखून गेले आहे.

९ नोव्हेंबर

शंभू सुतार येऊन गेला. आतले कप्पे काढले, ब्रॅकेटवर प्लायची रुंद फळी बसवली, वर पांढरं सनमायका. एक प्लग, एक दिव्याची पट्टी, झरोक्यात छोटा पंखा. मंडईतून येताना मी एक कुंडी आणली, तीही कोपऱ्यात मावली. खुर्ची मागे रेलते, दार लावलं की बातम्या ऐकू येत नाहीत. बाबा डोकावून म्हणाले, आमचा साहेब याहून लहान केबिनमध्ये बसायचा आणि तरी काम करायचा नाही. खूप हसलो.

संध्याकाळी आई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, एवढ्यात भागतंय ना गं? नव्या सुनेनं यावर काय म्हणायचं असतं हे का मला शिकवायला हवं? हो आई, भागतंय की, म्हटलं.

१५ नोव्हेंबर

खुर्चीचे हात भिंतीला घासतात. पहिल्या दिवशी घासत नव्हते. कुंडी बाहेर काढली. सासरच्या तुपाचा परिणाम, असं तेजस म्हणतो. आई रोज चहा आणतात, रोज तेच विचारतात. इतकी काळजी माझ्या आईनंसुद्धा केली नव्हती. मीही रोज तेच सांगते.

२४ नोव्हेंबर

फळी भिंतीत दाबली जाऊन मधोमध फुगली. शंभूला पुन्हा बोलावलं. त्यानं वीतभर कापली आणि माप चुकीचं दिल्याबद्दल मलाच बोलून गेला. माप त्यानंच घेतलं होतं!

घरात मात्र आनंद आहे. आईंना कधीपासून हवा असलेला मोठा सोफा आला. दुकानात परत न्यावा लागेल असं वाटत होतं, पण हॉलमध्ये छान बसला, वर जायला-यायला वाटही उरली. बाबा म्हणाले, सुनेचा पायगुण. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

३ डिसेंबर

खुर्ची गेली. आता स्टूल.

आज मी मोजायची टेप घेऊन बसले. चहाच्या आधी कपाट मोजलं. आई आल्या, त्यांनी विचारलं, मी भागतंय म्हटलं. मागची भिंत माझ्या पाठीला येऊन टेकली. आवाज नाही, धूळ नाही. कुणी मागे येऊन उभं राहावं तशी. पुन्हा मोजलं. चार बोटं कमी.

तेजसला आत बोलावून दाखवलं. तो घाबरेल असं वाटलं होतं. त्यानं टेप घेतली आणि हॉल मोजला, तो वाढला होता. मग इतका खूश झाला की आमोदला हाक मारली. घर लहान म्हणून आमोदला मुली नकार देतात. अजून थोडं झालं की एक खोली निघेल, तोवर अ‍ॅडजस्ट कर, म्हणाला. आई शांतपणे शेंगा सोलत होत्या. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

८ डिसेंबर

आज म्हटलं. आई, भागत नाही.

भिंत हलली नाही! पण आई चहाचा कप उचलून परत घेऊन गेल्या. जेवताना माझं ताट नव्हतं. पाणी मागितलं तर कुणी मान वर केली नाही. तेजस भिंतीकडे तोंड करून झोपला.

सोलापूरला फोन केला. आई म्हणाली, अगं, नवं घर आहे, थोडं भागवून घ्यावं. आम्ही नाही घेतलं का?

माझी स्वतःची आई.

११ डिसेंबर

आज भागतंय म्हटलं.

लगेच गरम पोळी आली, वर तूप. आईंनी डोक्यावरून हात फिरवला. मी रडत रडत खाल्ली. आनंदानं रडत होते, याचीच मला भीती वाटते.

१९ डिसेंबर

गुडघे छातीशी. लॅपटॉप मावत नाही म्हणून तेजस घेऊन गेला. माझ्या नावानं राजीनामाही त्यानंच पाठवला. फोन चार्जिंगला नेला, तो आलाच नाही. ही वही तेवढी मांडी आणि दाराच्या मध्ये.

बाहेर पडायचं ठरवलं. दार उघडलं, पण चौकटही आत सरकली आहे. खांदा जातो, कंबर अडते. भिंत फोडा म्हणून हात जोडले. बाबा म्हणाले, नुकताच रंग दिला आहे, अहो, थोडा विचार करा! पहिल्यांदाच मला अहो म्हणाले. सगळे हसले.

पलीकडे पार्टिशन ठोकतायत. खोली निघाली.

२६ डिसेंबर

चहा बशीतून. फटीतून. आई विचारतात, मी मान हलवते. मान हलवली तरी चालतं—

न हलवली तर बशी येत नाही.

२ जानेवारी

दारासमोर सोफा सरकवला. फटीतून उजेडाची एक रेघ येते. तिच्यावर लिहिते. हात कोपरापासून हलत नाही, फक्त बोटं—

तेजस सोफ्यावर बसतो. त्याची पाठ अगदी जवळ. हाक मारली. त्यानं टीव्ही मोठा केला.

७ जानेवारी

पाहुणे. मुलीकडचे, घर बघायला. पोह्यांचा वास. किती प्रशस्त हो, म्हणतायत. पेठेत एवढी जागा!

मुलीचं नाव दीपाली. आवाज गोड. तीही घरून काम करते. विचारते आहे, मला बसायला कुठे—

आई तिला स्वयंपाकघराकडे नेतायत. कोठीचं दार उघडलं. टेबल मावेल, म्हणाली ती. खूश आहे. स्वतःचं दार आहे म्हणून खूश आहे—

ओरडायचं आहे. छाती फुगायला जागा नाही. दारावर नखानं— ऐकलं तिनं! थांबली. काय वाजतंय, विचारते आहे. बाबा म्हणाले, उंदीर. पेठेत असायचेच.

आई तिला विचारतायत. एवढ्यात भागेल ना गं?

नाही म्हण. बाई गं, नाही म्हण. एकदाच नाही—

हसली. म्हणाली, हो आई, भा