बाकी सगळे निरंक

११ डिसेंबर

तीर्थरूप दादास,
धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडीत आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. तुझी कचेरीतली नवी खोली कशी आहे? वहिनी म्हणाली, खिडकी नाही आणि टेबल लंगडं आहे. एवढंच बोलली आणि फोन आईकडे द्यायला लावला. रागावली आहे. रागावू दे.

माझं म्हणशील तर माहिती अधिकाराचा अर्ज, स्मरणपत्र, अपील, पुन्हा अर्ज. आश्रयगृहांतून वर्षभरात किती मुलं पळाली, एवढाच प्रश्न मी सगळ्या विभागांना एकाच शब्दांत विचारला होता. सगळीकडून उत्तर आलं, 'निरंक'. म्हणजे एकही नाही. मुलं काय खिळे ठोकून बसवली आहेत तिथे? आकडे आले ते फक्त तुझ्या विभागातून, कारण तिथला माहिती अधिकारी तू. प्रत्येक गृहात जाऊन जुन्या नोंदी उकरल्यास. त्यातली किती मुलं परत सापडली, तेही कोणी न विचारता लिहिलंस.

माझ्या अभ्यासातल्या तक्त्याखाली मी टीप दिली होती, 'निरंक म्हणजे शून्य समजू नये.' वर्तमानपत्राने तक्ता छापताना नेमकी तीच गाळली. मथळा तू वाचलासच: सर्वाधिक मुलं तुमच्याकडून पळतात. चोर सोडून संन्याशाला फाशी! साहेबांनी तुला घरभेदी म्हटलं आणि तळघरात बसवलं. माहिती अधिकाऱ्याचं काम मात्र तुझ्याच गळ्यात ठेवलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको.

तू फोनवर म्हणालास, "अगं, इथे निदान डबा तरी शांतपणे खाता येतो." मला रडू आलं. तुला कळू नये म्हणून मी खोकले.

आता इतका वेळ टाळलेलं लिहिते. यंदाचा अर्ज मी आज टपालात टाकला. तुझा विभाग वगळला असता तर सगळा अभ्यासच खोटा ठरला असता. तेव्हा तो तुझ्या त्या लंगड्या टेबलावर येईलच.

दादा, या वेळी तूही 'निरंक' लिही. खरं सांगा, खरं सांगा म्हणून इतकी वर्षं लोकांच्या डोक्यावर बसले, तीच मी हे लिहिते आहे. थकले रे. तुझ्या निवृत्तीला आता थोडेच दिवस उरलेत, ते तरी उजेडात जाऊ देत. आईला यातलं काही सांगू नकोस.

तू ऐकणार नाहीस हे ठाऊक असलेली,
तुझी छोटी