नकाशावरचा लहानसा गोल

१२ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर कळवा. सूनबाई आणि पिल्लं मजेत असतील. माझी परीक्षा झाली, बरी गेली.

हे पत्र सूनबाईंना वाचायला देऊ नका. चष्मा लावा, दार लोटून घ्या आणि स्वतःच वाचा.

तुमच्याकडे महिनाभर राहून मी वस्तीतल्या बायकांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्याचा परवा कॉलेजात कार्यक्रम होता. आमच्यात तीन तऱ्हेची माणसं. कुणी जमीन खणून जुन्या वस्तू शोधतं, कुणी हाडं-दात मोजतं, आणि माझ्यासारखे लोकांशी गप्पा मारत बसतात. तिघांनी मिळून तुमच्या वस्तीवर काम केलं होतं.

हाडं मोजणाऱ्या मैत्रिणीला आम्ही हाडवैद्य म्हणतो. तिनं सकाळीच मला हाक मारली. "बघ काय मिळालंय! जेमतेम दोन दिवसांचं मूल. शंभर वर्षांपूर्वीचं असेल."

ट्रेमध्ये कापूस, त्यावर काडेपेटीतल्या काड्यांएवढी हाडं. शेजारी एक निळं काचेचं बटण, कडेचा टवका उडालेलं.

मावशी, ट्रंकेच्या तळातला तो इवलासा स्वेटर तुम्ही मला दाखवला होतात. त्याला अशीच निळी बटणं होती, पण पाचच. "सहावं तिच्या मुठीत दिलं," तुम्ही म्हणालात, "रिकाम्या हातानं कशी पाठवू?"

मी खणणाऱ्या मित्राला विचारलं, "भट्टीमागच्या उतारावर खणायचं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुझ्याच नकाशावर खूण होती की!"

होती. तिला कुठं पुरलं ते सांगून तुम्ही म्हणाला होतात, "हे लिहू नकोस, पोरी." मी अक्षरही लिहिलं नाही. पण नकाशा अपुरा दिसू नये म्हणून तिथं एक लहानसा गोल काढला. नाव न घालता. आणि तो कागद सगळ्यांच्या फायलीत ठेवून दिला. एवढंच केलं मी, आणि एवढ्यानं सगळं झालं.

सभागृह भरलं. सर ट्रे उचलायला आले. मी त्यावर माझी ओढणी टाकली.

"सर, हे दाखवू नका. हिची आई जिवंत आहे."

"कोण? पुरावा काय?"

पुरावा द्यायचा तर तुमची गोष्ट चारचौघांत सांगावी लागली असती. "ते सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"मग तुझा प्रकल्प रद्द करावा लागेल."

"करा."

हाडवैद्य माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मीही काही मोजणार नाही, सर," ती म्हणाली.

शेवटी सरांनी हाडं आणि बटण एका डब्यात घातलं, डबा आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. आठ दिवसांत घरच्या कुणी लेखी मागणी केली तर ते तो परत देतील. नाहीतर डबा कॉलेजच्या वस्तुसंग्रहात जाईल, क्रमांक लावून.

तुमच्या घरात तिच्याबद्दल कुणालाच माहीत नाही, हे मी विसरलेले नाही. त्या मागणीवर सही केलीत तर मुलाला सांगावं लागेल. नाही केलीत तर... मावशी, हे मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. आधीच एकदा ठरवून बसले.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. दार उघडलं नाहीत तर पायरीवर बसेन. माफी पत्रातून मागत नाही. जे बोलायचं असेल ते माझ्या तोंडावर बोला, मी ऐकून घेईन. तुम्ही म्हणाल तेच होईल, आणि तुमचं नाव तुमच्या परवानगीशिवाय माझ्या तोंडून निघणार नाही.

या खेपेला खरंच.

जिला तुम्ही लेक म्हणालात,
ती