मंगळवारचं पाणी

गुरुवार, १४ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे मजेत आहात हे वाचून बरं वाटलं. वहिनीची पाठ आता कशी आहे? आईची तब्येत छान आहे. दर रविवारी चांदीची वाटी लख्ख घासते, पुढच्या रविवारपर्यंत ती काळी पडते, मग आई कागद मिलच्या हवेच्या नावानं बोटं मोडते. तुझी बदली झाली, हवेची नाही झाली. बाहेरचा माणूस अजून बसमधून उतरताच नाकाला रुमाल लावतो आणि आपण विचारतो, "कसला वास?"

आता मुद्द्याचं. माझ्या तक्रारीच्या सोमवारच्या सुनावणीत मी "बाटल्यांची अदलाबदल झाली, चूक माझीच" असं सांगावं, म्हणजे प्रकरण मिटेल आणि मला प्रयोगशाळेची मुख्य करतील, असं तू लिहिलंस. मी सांगणार नाही. पुन्हा विचारू नकोस, आणि साहेबांनाही विचारायला लावू नकोस.

बाटलीच्या कामात माझी चूक होईल असं तुला लिहवलं तरी कसं? प्रयोगशाळेचा मुख्य असताना तूच तर शिकवलंस. लगदा पांढरा करून मिलमधून जे पाणी नदीकडे सुटतं, ते नाल्याच्या तोंडाशी घ्यायचं. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. चिठ्ठीवर तारीख, वार, वेळ, सही. आणि नमुना फक्त मंगळवारी, साडेदहाला. बारा वर्षं मी हे इतक्या निगुतीनं केलं, की प्रयोगशाळेतल्या मुली मला 'बुडबुडाबाई' म्हणतात. मंगळवारी सकाळी ब्लीचिंग बंद ठेवून टाक्या साध्या पाण्यानं धुतात, तेवढं मात्र तू शिकवलं नाहीस.

गेल्या महिन्यात मी तापानं पडले, म्हणून नमुना गुरुवारी घेतला. पाणी कोऱ्या चहासारखं, वर बोटभर फेस. मला वाटलं, बाटलीच घाण आहे. दुसरी आणली, तरी तेच. पंपावरचे काका हसायला लागले. "अहो ताई, रोज असंच असतं. तुमच्या मंगळवारीच ते नटूनथटून येतं."

तीच बाटली मी बाहेर तपासायला दिली. आपल्या रजिस्टरात बारा वर्षं 'मर्यादेत' असलेलं क्लोरीनचं विष मर्यादेच्या नऊपट निघालं. अहवाल तू वाचलाच आहेस.

तक्रारीत मी एवढंच लिहिलंय. पण दादा, मला हे गेल्या महिन्यात कळलं, हे खरं नाही.

सहा वर्षांपूर्वी मिलच्या गेस्टहाउसच्या चादरी धुणाऱ्या मावशी माझ्याकडे आल्या होत्या. त्या नाल्याच्या खालच्या अंगाला, नदीवर धुवायच्या. चादरी तांबूस पडतात म्हणून काम जायची वेळ आली होती. त्यांनी हात पुढे केले. पेरापेराला भेगा होत्या. "ताई, तुम्ही शिकलेल्या. पाण्यात काही आहे का हो?" वार शुक्रवार. मी त्यांच्यासोबत काठावर गेले, पाणी बघितलं, आणि म्हणाले, "साबण बदलून बघा."

साबण बदला म्हणे! लिहितानाही मेल्याहून मेल्यासारखं होतंय. तिथून तडक तुझ्या केबिनमध्ये आले होते, आठवतंय? तू मान वर न करता विचारलंस, "रजिस्टरात काय आहे?" मी म्हटलं, "मर्यादेत." "मग झालं तर." आणि मी सुटल्यासारखी घरी जाऊन जेवले. आपण दोघांनी मिळून त्या बाईच्या तोंडाला पानं पुसली.

मावशींचं काम गेलंच. काल मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मी किती साबण बदलले, ठाऊक आहे?" सोमवारी त्याही येणार आहेत.

रजिस्टरच्या पाचशे पानांवर माझ्या सहीशेजारी तुझी सही आहे. घरचीच उलटली, असं म्हणशील. खुशाल म्हण. मी आधी माझं नाव सांगेन, मग तुझं. माझी नोकरी जाईल, तुझीही जाईल, आई दोघांशी बोलणार नाही. मला फार वाईट वाटेल. आत्ताच वाटतंय. तरी एक अक्षर मागे घेणार नाही.

सोबत एक बाटली पाठवतेय. तीनदा विसळून, काठोकाठ, आत बुडबुडा नाही. टेबलावर ठेव, झाकण उघडून एकदा वास घे. सोमवारी माझ्या शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवते. आलास तर बाटली घेऊन ये. नाही आलास, तर माझ्याकडे दुसरी आहे.

नमुना घेणारी,
तुझी धाकटी बहीण
गुरुवार, सकाळी साडेदहा