साळूआक्काच्या एकोणचाळीस गाण्यांची व्यवस्था

मी, कृष्णात बाळासाहेब सूर्यवंशी, वय सव्वीस, शिक्षण आठवी नापास, गाव उंबरदरा, ता. खानापूर, जि. सांगली, सध्या मुक्काम सेलम, धंदा सोन्याचांदीची गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून शुद्ध करणे, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि नशापाणी केलेले नाही. राग आहे, तो लपवत नाही. मागच्या महिन्यात भट्टीचा पाईप फुटला, थोडक्यात वाचलो. त्याच आठवड्यात गावाकडं साळूआक्का वारली. म्हणून या वयात हे लिहितोय.

१. बँकेतले पैसे आईचे. गाडी धाकट्या राजवर्धनची. त्याने सायलेन्सर बदलला तर आईने चावी काढून घ्यावी.

२. सोनं वितळवायच्या मुशी आणि चिमटे माझ्यासोबत काम करणाऱ्या शिवतेजला.

३. माझा फोन आणि त्यातली साळूआक्काची एकोणचाळीस गाणी तिची नात संयोगिता हिला. खरं तर एवढ्यासाठीच कागद घेतला.

आक्का आमच्या शेजारची. पन्नास वर्षं गावातल्या प्रत्येक हळदीला, बारशाला गायली. मी पंधराव्या वर्षी बाहेर पडलो, चार दुकानं सोडली, कुठं जीव लागेना. इथं हातावर तेजाब सांडलं, तवा महिनाभर झोप नव्हती. आक्का रोज फोनवर गाणं म्हणून पाठवायची. आधी दम द्यायची, "औषध लावलंस का रं? न्हाई लावलंस तर आज गाणं न्हाई." त्या आवाजावर मी टिकलो.

४. डीजेवाला ऋषिराज याला यातलं काही मिळू नये. कारण लिहितो.

आक्का गेल्यावर त्यानं चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. अकरा पुढाऱ्यांचे फोटो, आणि मधल्या गोलात आक्काच्या धाकट्या बहिणीचा. ती म्हातारी जिवंत आहे, फ्लेक्सखालनंच दळण घेऊन गेली. संयोगितानं सांगितलं तर फ्लेक्स उतरवला नाही, वरनं हार सोडून तोंड झाकलं.

वर मला फोन. "गड्या, आक्काची गाणी हायत म्हणं तुज्याकडं. पाठव की, तेराव्याला लावतो. खाली जरा बीट टाकतो."

मी म्हणालो, "तुज्या हळदीला चार तास गायली. शूटिंगमधी कुठं हाय रं ती?"

"तवा आवाज बंद करून पिच्चरची गाणी टाकली व्हती. समदीच टाकत्यात."

खरं आहे. गावातल्या एकाही लग्नाच्या शूटिंगमध्ये तिचा आवाज नाही. माझ्या बहिणीच्यासुद्धा नाही, आणि त्या शूटिंगचे पैसे मीच दिले होते. हेही लिहून ठेवतो.

५. गाण्यांना बीट लावू नये, कापाकापी करू नये. मधी ती खोकते, कोंबडी हाकलते, ते राहू द्यावं. संयोगितानं ती नुसती ठेवू नयेत, म्हणावीत. आवाज बसका आहे म्हणून पोरगी लाजते. आक्काचाही बसकाच होता.

६. माझा फ्लेक्स लावू नये.

ठिकाण सेलम, ता. ९ जून २०२५
सही: कृष्णात बा. सूर्यवंशी

साक्षीदार १: शिवतेज पवार, गलाई कामगार.

साक्षीदार २: मुरुगेसन, भट्टीवरचा जोडीदार. याला मराठी वाचता येत नाही, सही माझीच एवढं त्यानं पाहिलं. गेल्या महिन्यात स्वतःच्या बहिणीच्या लग्नात यानं, माझ्या फोनवर ऐकून ऐकून पाठ झालेलं, आक्काचं हळदीचं गाणं म्हटलं. तिथं कुणी आवाज बंद केला नाही.